वाचून नव्हे, ऐकून-पाहून अभ्यास केलेल्यांचे अनुभव

धागाकर्ता, फोंडा
मी महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी एकदोघं तरी तास संपल्यावर मागे थांबतात आणि हळूच सांगतात, "सर, वर्गात सगळं समजतं, पण पुस्तक उघडलं की ओळी हलायला लागतात." कुणाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्यातली अडचण असते, कुणाची नजर अधू असते, कुणी घरचं दुकान सांभाळून शिकत असतं. हुशारीत यांतलं कुणीच कमी नाही. व्हिडिओ, ध्वनिमुद्रण, फोनकडून वाचून घेणं, यांतलं तुम्हाला काय कामी आलं? कोणत्या विषयाला? कुठे अडलं? नुसती ॲपची नावं नकोत, सविस्तर लिहा.

पेडणे, बी.ए. अर्थशास्त्र
कदंबा बसमधून पणजीला जाता-येता बराच वेळ जातो आणि बसमध्ये वाचलं की मला मळमळतं. म्हणून 'दिष्टावो'ची व्याख्यानं ऐकते. आपल्या गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाचाच उपक्रम, यूट्यूबवर फुकट आहे. मुख्य म्हणजे व्याख्यानं गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत. बाहेरच्या चॅनेलवर आपल्या पेपरात नसलेलंच खूप ऐकावं लागतं. वाटेत रेंज जाते, त्यामुळे रात्रीच वायफायवर उतरवून ठेवते.

आकृत्यांचं युनिट मात्र बसमध्ये लावत नाही. "हा वक्र इथून इकडे सरकला" हे नुसतं ऐकून काय कळणार? ते घरी, वही पुढ्यात घेऊन. व्याख्यान संपलं की फोनच्या रेकॉर्डरवर तोच मुद्दा माझ्या शब्दांत बोलते. जिथे अडखळते, तिथे समजलेलं नाही हे तिथल्या तिथे कळतं. परीक्षेच्या आधी मग स्वतःचाच आवाज ऐकायचा.

साखळी, एम.ए. मराठी
मराठीवाल्यांची अडचण वेगळी आहे. इंग्रजी पीडीएफ फोन गुमान वाचतो. आपले संदर्भग्रंथ म्हणजे बहुतेक स्कॅन केलेली पानं. फोनच्या दृष्टीने ते चित्र, त्यात वाचण्यासारखं काहीच नाही. मी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडते, म्हणजे अक्षरं मिळतात. पान वाकडं असेल तर जोडाक्षरं बिघडतात. मग "सर्वस्व"चं काहीतरी भलतंच होतं आणि आवाज तेही ठासून वाचतो. तळटीपांचे आकडे आणि पृष्ठक्रमांक वाक्याच्या मध्येच येतात; ते आधी पुसून टाकावे लागतात. युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची संगणकीय पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमधली पीडीएफ दिसायला सुरेख, पण मजकूर उचलला की नुसता कचरा. अशा पानाचंही चित्र काढून तेच सोपस्कार करायचे.

एवढं करून समीक्षेचे लेख ऐकता येतात. कविता आणि संतसाहित्य यंत्राकडून ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यती, म्हणजे ओळीतला विराम, कुठे घ्यायचा ते त्याला कळत नाही. आमच्याकडे आजोबा पारायणाला बसत आले आहेत. पेपरातल्या ओव्या त्यांच्याकडून म्हणवून घेतल्या आणि ध्वनिमुद्रित केल्या. अर्थाची अर्धी वाट तिथेच मोकळी झाली.

म्हापसा, अल्पदृष्टी, बी.कॉम. पूर्ण
पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायला संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक, दोन्ही फुकट. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून आहे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी तिथे सुलभ स्वरूपातली पुस्तकं मिळतात. हवं ते पुस्तक नसेल तर त्याची सुलभ प्रत करून घ्यायला संकोच करू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तीसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला कॉपीराइट कायदा आड येत नाही.

पेडणेच्या ताईंना जोडून सांगतो, शेवटी परीक्षा लेखीच असते. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमताही धरलेली आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळायला हवा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम सत्राच्या सुरुवातीलाच हाती घ्या. मला लेखनिकाला सांगण्याचा सराव वेगळा करावा लागला. नेमके शब्द तोंडी सांगणं हेसुद्धा एक कसब आहे.

फर्मागुडी, अभियांत्रिकी
एनपीटेल, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं. गणिती विषयांना नुसतं ऐकणं उपयोगाचं नाही. व्हिडिओ थांबवून पुढची पायरी आपण सोडवायची, मग पाहायचं. बऱ्याच व्याख्यानांची लिखित प्रत मिळते. हवा तो शब्द त्यात शोधायचा आणि व्हिडिओत थेट त्या जागी जायचं.

वाळपई, इग्नूतून बी.ए., दोन मुलांची आई
इग्नू या मुक्त विद्यापीठाची पुस्तकं त्यांच्याच ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. एज ब्राउझर ती मोठ्याने वाचून दाखवतो. स्वयंपाक करताना ऐकलेला नवा धडा माझ्या डोक्यात टिकत नाही, हे सगळ्या बायांना सांगते. फोडणी दिली की दोन वाक्यं गेलीच. नवा भाग मुलं निजल्यावर, पुस्तकाच्या ओळीवर बोट ठेवून आणि कानात आवाज लावून. ऐकलेलाच धडा दुसऱ्यांदा ऐकायला मात्र स्वयंपाकघर उत्तम.

धागाकर्ता, फोंडा
वाळपईच्या ताईंची बोट आणि कान एकत्र लावायची रीत मी डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांबरोबरही पाहिली आहे. ओळ सुटत नाही. साखळीच्या ताई, साफ केलेल्या फाइली वर्गातल्या गरजूंना देता का? आणि इतिहास किंवा तत्त्वज्ञान असं ऐकून केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा, माझ्याकडचे दोघे त्याच विषयांचे आहेत.