रविवारचा अल्पोपाहार

सेक्रेटरी: रविवारी सायं. ६ वाजता पार्किंगमध्ये वार्षिक सभा. अल्पोपाहार: वडापाव, कंदी पेढे, कोल्ड्रिंक. सर्वांनी वेळेवर यावे 🙏

मोरे काका (सी-४०१): वरची टाकी कधी धुणार?

सुनंदा काकू (बी-३०१): परत तेच वडापाव-पेढे? गणपतीत घसा फोडून सांगितलं होतं. परवा यांची सोनोग्राफी झाली. लिव्हरला चरबी होतीच, आता स्वादुपिंडालाही आलीय. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

नितीन (ए-१०४): काका तर काटक आहेत की! त्यांना कशी?

सुनंदा काकू: हातपाय काटक, पोट बघ ना. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, बशीत खारी. रात्री टीव्हीसमोर फरसाणाची पुडी.

डॉ. वैशाली (सी-२०२): काकू, घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. स्वादुपिंड जठराच्या मागे असतं, इन्सुलिन तिथंच तयार होतं. तिथं चरबी असणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो. दहा चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, तीही फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी.

प्रशांत (ए-३०२): आमची आजी तूप-गूळ खाऊन ९१ वर्षं जगली. हे सगळे नवीन आजार.

डॉ. वैशाली: स्वादुपिंडातल्या चरबीची नोंद १९३३ ची आहे, दादा. आजींच्या ताटात तुपाबरोबर भाकरी, हुलग्याचं माडगं, पालेभाजी होती ना? आणि दिवसभर रानात काम. एकटा पेढा गुन्हेगार नाही, रोजचं ताट बघायचं. धान्य कोंड्यासकट, कडधान्यं, भाज्या जास्त. मैदा, तळण, गोड पेयं कमी.

नितीन: साताऱ्यात पेढ्याशिवाय सभा? मग कराडला घेऊया 😀

मोरे काका: टाकी कधी धुणार? दुसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: पेढ्यांचा ॲडव्हान्स दिलाय. ज्यांना नको त्यांनी खाऊ नये. पाच वर्षं बिनपगारी राबतोय, तरी ऐकूनच घ्यायचं.

सुनंदा काकू: राबताय, मान्य आहे भाऊजी. पण वर्गणी आम्हीही देतो. पुढ्यात पेढा आला की यांना नाही म्हणता येत नाही. मी रात्रंदिवस पहारा देऊ का?

प्रशांत: वर्गणीचा विषय निघालाच आहे तर बी विंगची थकबाकी...

सुनंदा काकू: आमची नाही. पावती टाकू का?

शुभांगी वहिनी (ए-२०३): वैशालीताई, साठलेली चरबी परत कमी होते का? माझ्या भावालाही निघालीय.

डॉ. वैशाली: होऊ शकते. न्यूकॅसल विद्यापीठाने २०११ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना ८ आठवडे रोज ६०० कॅलरीवर ठेवलं. स्वादुपिंडातली चरबी ८ वरून ६.२ टक्क्यांवर आली, उपाशीपोटीची साखर आठवड्यातच खाली. पण हे देखरेखीखाली, वहिनी. घरी असला उपास कुणी करू नका, विशेषतः गोळ्या चालू असतील तर.

मोरे काका: टाकी?

सेक्रेटरी: काका, मंगळवारी. माणूस ठरलाय. काकू, कोल्ड्रिंक रद्द करतो, ताक सांगतो. पेढे राहतील, माणशी एक.

सुनंदा काकू: वडापावाऐवजी वाघ्या घेवड्याची उसळ मी करते. कोरेगावहून आणलेला आहे घरात. शनिवारी रात्री भिजत घालावा लागेल, कोण कोण येणार ते आजच सांगा.

शुभांगी वहिनी: आम्ही चौघं. भाकरी मी थापते.

मोरे काका: आम्ही दोघं. तिखट बेतानं.