नुसत्या फिल्डिंगवर माणूस टीममध्ये किती वर्षं टिकतो? (बेसबॉलवाल्यांना प्रश्न)

बोरिवली_स्लो

मंडळी, इथे बेसबॉल बघणारे चार-पाच जण तरी आहेत हे मला ठाऊक आहे. प्रश्न त्यांना. बाकीच्यांनी क्रिकेट समजून वाचलं तरी चालेल, शेवटी गाडी तिथेच येणार आहे.

माझा भाचा फिनिक्सला असतो. त्याच्यामुळे अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स बघायची सवय लागली. त्यांच्या घरच्या बऱ्याच मॅच तिकडे संध्याकाळी ६:४० ला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी ७:१०. बोरिवलीला खिडकी मिळाली की फोन काढायचा. अंधेरीला दुसरी इनिंग, चर्चगेटला उतरताना चौथी. बायको म्हणते, पेपर वाचायचास तेच बरं होतं.

त्या टीममध्ये निक अहमद नावाचा शॉर्टस्टॉप होता. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला. उजव्या बॅटरने जमिनीलगत ओढलेले बहुतेक बॉल याच्या वाट्याला. २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे त्या जागेवरच्या सगळ्यात चांगल्या फिल्डरचं बक्षीस. बॅट यथातथाच. पण मला तो आवडायचा, कारण हा माणूस पळताना दिसायचाच नाही. बॉल जिथे जाणार तिथे आधीच उभा. २०२१ मध्ये टीम १६२ पैकी ११० मॅच हरली. तेव्हाही मी फोन खिशात टाकला नाही तो याच्यासाठी.

सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात त्याला काढलं. २०१४ पासून खेळत होता, टीममधला सगळ्यात जुना माणूस. आणि दोन महिन्यांच्या आत तीच टीम वर्ल्ड सीरीज, म्हणजे फायनल, खेळत होती!

आता इतक्या दिवसांनी हे का उकरतोय? कारण गेल्या महिन्यात आम्ही तेच केलं.

आमच्या ऑफिसच्या टीममध्ये मामा आहेत. वय ५२, जागा शॉर्ट लेग, बॅटिंगला अकरावे. गेल्या सीझनमध्ये सगळे मिळून ३१ रन, त्यातले १४ एकाच मॅचमध्ये, तेही बॅटच्या कडेने. पण आझाद मैदानावर त्यांना एकदा बघा. दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकवून बसतात, अगदी पंगतीत बसल्यासारखे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतात तेव्हा नखांत लाल माती असते. दोन वर्षांपूर्वी एकाने फुल फेसने मारलेला बॉल त्यांनी पोटात घेतला होता. नॉन-स्ट्रायकर “यस” ओरडत अर्ध्या पिचपर्यंत आला होता. मामा आडवे, आणि बॉल मांडीत, तान्ह्या पोरासारखा.

यंदा अकाउंट्समध्ये २४ वर्षांचा मुलगा आलाय, सिक्स मारतो. टीम आम्ही तिघं निवडतो. मामांशी कोणीच बोललं नाही. शुक्रवारी रात्री ग्रुपवर यादी टाकली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मामांनी खाली अंगठा पाठवला. यादी टाकणारा मी.

तर प्रश्न दोन. हिशेबाने बघितलं तर अ‍ॅरिझोनाचं बरोबर होतं का? आणि वेळ आली हे कळतं कशावरून?

---

दादर_टीटी_स्कोअरर

हिशेबाने बरोबर होतं. रागावू नका.

२०२३ मध्ये अहमदची अ‍ॅव्हरेज ०.२१२, म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींत २१२ हिट (फटका मारून बेस गाठला की हिट). त्या वर्षी सगळ्या मेजर लीगची ०.२४८. फरक कमी वाटतो, पण याच्याकडे होम रनही फारसे नव्हते आणि फुकटचा बेसही (चार वाईट बॉल सोडले की मिळतो तो) तो फार काढायचा नाही. आकडेवाले साधारण १० रन म्हणजे एक जिंकलेली मॅच धरतात, मग ते १० रन बॅटने काढा नाहीतर ग्लोव्हने वाचवा. बॅटने गमावलेलं सगळं ग्लोव्हने परत आणायचं, तर दर आठवड्याला काहीतरी अचाट करावं लागतं. २५ व्या वर्षी ते होतं. हा ३३ चा होता, २०२२ मध्ये खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वर्षी जेमतेम १७ मॅच खेळलेला. तोवर शॉर्टस्टॉपची जागा हेराल्डो पेर्दोमोने घेतलीसुद्धा होती, आणि २०२३ ला तो ऑलस्टार झाला. म्हणजे अहमद बराचसा बाकावरच होता.

काढायची पद्धतही समजून घ्या. तिकडे ४० जणांची एक यादी असते. जॉर्डन लॉलर या २१ वर्षांच्या पोराला वर आणायचं होतं, तो यादीत नव्हता. एक आत, एक बाहेर. याला डीएफए म्हणतात, डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट. नाव यादीतून काढायचं, मग सात दिवसांत त्याला दुसऱ्या टीमला द्या, वेव्हरवर टाका (म्हणजे बाकीच्या टीमना हवा तर उचलू द्या), नाहीतर सोडून द्या. अहमदला सोडून दिलं. चार वर्षांचा ३ कोटी २५ लाख डॉलरचा करार त्याच वर्षी संपत होता, उरलेला पगार मिळाला. त्यामुळे पैशाचं रडगाणं नाही.

मला खटकते ती तारीख. ३१ ऑगस्टनंतर जो दुसऱ्या टीममध्ये जातो, त्याला त्या वर्षी त्या टीमकडून प्लेऑफ खेळता येत नाही. आठवडाभर आधी सोडला असता तर कुठेतरी बाकावर तरी बसला असता. हिशेब चोख, पण वेळ वाईट साधली.

आणि हे नवीन नाही. बाल्टिमोर ओरिओल्सचा शॉर्टस्टॉप मार्क बेलँजर बघा: आठ गोल्ड ग्लोव्ह, आयुष्यभराची अ‍ॅव्हरेज ०.२२८. सतरा सीझन त्यांनी ती बॅट चालवून घेतली. १९८१ नंतर तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्या जागी कॅल रिपकेन आला, सहा फूट चार इंच, होम रन मारणारा. तिथून शॉर्टस्टॉपकडून लोकांच्या अपेक्षाच बदलल्या. आपल्याकडे गिलख्रिस्ट आणि धोनीनंतर नुसत्या कीपरचं जे झालं, तेच.

---

खडूस_गिरगावकर

हे सगळं एक्सेल ठीक आहे. एकनाथ सोलकर, आपला शॉर्ट लेगवाला. २७ कसोटी, ५३ झेल, हेल्मेट न घालता. ७१ ला ओव्हलवर इंग्लंडच्या नॉटचा झेल कसा घेतला ते वडिलांकडून हजारदा ऐकलंय. त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहिता?

---

दादर_टीटी_स्कोअरर

साहेब, सोलकरचं वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध शतकही आहे. १९७५, १०२ रन. मामांचं आहे का?

---

खडूस_गिरगावकर

नाही. पण मामांना काढणाऱ्या तिघांचं तरी आहे का?

---

शॉर्टस्टॉप_ताई

मी कॉलेजला असताना सॉफ्टबॉलमध्ये शॉर्टस्टॉप खेळले, आता रविवारी शाळेच्या मुलींना शिकवते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण आकड्यांत ते उशिरा दिसतं.

हात शेवटपर्यंत राहतात. माझे अजून आहेत. स्वयंपाकघरात ओट्यावरून घरंगळलेला लिंबू खाली पडत नाही. जातं ते पहिलं पाऊल आणि खांदा. आमच्या मैदानावर खडे होते. बॉल शेवटच्या टप्प्याला कधी गुडघ्याशी उठायचा, कधी जमिनीला चिकटून यायचा. त्यामुळे मागे थांबून मोठा टप्पा घ्यायचा की पुढे घुसून बॉल उठायच्या आत दाबायचा, हे बॅटचा आवाज आल्या आल्या ठरवावं लागायचं. शेवटच्या वर्षी माझा खांदा दुखायला लागला. कोणाला सांगितलं नाही. दोन पावलं पुढे उभी राहायला लागले, म्हणजे थ्रो जवळचा होतो. लोक म्हणायचे, वा, काय अटॅक करते! खरं म्हणजे मी पल्ला चोरत होते. आणि पुढे उभं राहिलं की बाजूने जाणारे बॉल हाताला लागतच नाहीत. ते चुकीत धरले जात नाहीत, हिट म्हणून लिहिले जातात. माझ्या नावावर चुका कमी झाल्या त्या वर्षी!

सॉफ्टबॉलला बेसमध्ये ६० फूट असतात, बेसबॉलला ९०. शिवाय शॉर्टस्टॉपचा पहिल्या बेसवरचा थ्रो त्याहूनही लांब. ऑपरेशन झालेल्या खांद्याने तो रोज करायचा म्हणजे काय, याची मला कल्पना आहे.

दादर_टीटी, एक राहिलं. २०२३ पासून नियम आला की दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचे फिल्डर, हवेतच. आधी सगळ्यांना एका बाजूला सरकवून खिंडार बुजवता यायचं. म्हणजे ज्याचा पल्ला मोठा त्याची किंमत वाढली ती नेमकी याच वर्षी, आणि तोवर अहमदचा खांदा गेलेला. हे मला फार लागलं.

बोरिवली_स्लो, मामा कुठे उभे राहतात ते बघा. शॉर्ट लेगला उलटं असणार, माणूस मागे सरकतो. आणि यादीच्या आधी एक फोन करायला हवा होता तुम्ही. मला आमच्या सरांनी घरी येऊन सांगितलं होतं. मी रडले, आई त्यांना पोहे खायला घालत होती. पण सांगितलं.

---

बोरिवली_स्लो

ताई, तुमचं वाचून काल रात्री जुने फोटो काढले. आमचा एक जण दर मॅचला बाउंड्रीवरून फोटो काढतो, एरवी कोणी बघत नाही. २०१९ च्या फोटोत मामांचा डावा बूट जवळजवळ पिचच्या कडेला टेकलाय. यंदाच्या जानेवारीतल्या फोटोत बुटापासून कडेपर्यंत एक बॅट आडवी मावेल. मधल्या वर्षांचे पण बघितले. दरवर्षी थोडंथोडं. मी त्याच टीममध्ये मिड-ऑनला उभा असतो आणि मला दिसलं नाही.

आणि त्या पोटात घेतलेल्या झेलाच्या दिवशी ते मागेच होते. म्हणून तर बॉल पोटात आला. पूर्वीच्या जागी असते तर छातीत बसला असता. मी इतके दिवस तो झेल त्यांच्या बाजूने पुरावा म्हणून सांगत होतो.

दादर_टीटी, तारखेचं माहीत नव्हतं. आमची यादी पण मॅचच्या आदल्या दोन दिवसांत टाकली, दुसऱ्या टीमकडून खेळायची सोय ठेवली नाही. गिरगावकर, शतक नाही. ६७ आहे, १९९८ चं.

फोन केला मामांना. तब्येत, मुलीचं लग्न, पाऊस, सगळं बोलून झालं. मुद्द्यावर यायच्या आत तेच म्हणाले, “अरे, शॉर्ट लेगचं हेल्मेट माझ्याकडेच आहे, पोटमाळ्यावर. नवीन पोराला लागेल ना?” मी म्हटलं, असू दे. नवीन पोरगा शॉर्ट लेगला उभा राहायला तयार नाही. अजून कोणीच तयार नाही.