पुन्हा: पुन्हा: पोळ्याच्या फोटोंची लिंक

सचिव:
मंडळी, आपल्या मंडळाची स्मरणिका शुक्रवारी अमरावतीच्या छापखान्यात जाते आहे आणि पोळ्याचे फोटो अजून व्हॉट्सॲपवरच येताहेत. नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथे आकसून साधारण १६०० पिक्सेलचा होतो. ए४ पानभर नीट छापायचा तर लांबीला ३५०८ लागतात. तोरणाखालची जोडी मुखपृष्ठावर घ्यायचं ठरलंय, पण फोटो मोठा केला की शिंगांवरचं बेगड म्हणजे नुसता चंदेरी चिखल दिसतो. ज्याची लिंक पाठवली आहे त्या गुगलच्या अल्बममध्ये मूळ फोटो टाका. नुसतं "लिंक उघडते" असं कळवू नका.

खजिनदार:
लिंक उघडते. प्रश्न तो नाही. अल्बम कुणाच्या खात्यावर आहे? गणपतीच्या अल्बमचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाच्या खात्यावर फुकट १५ जीबी, तेही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. जून २०२१ पासून फोटोंना वेगळी सवलत नाही. जागा भरली की मंडळाला मेल येणंही बंद. जास्तीची जागा विकत घ्यायची तर आधी कार्यकारिणीत ठराव आणा.

वेबसाइट सांभाळणारा:
काका, ठराव कशाला? अल्बम कुणाचाही असो, जागा जाते ती फोटो टाकणाऱ्याच्या खात्यातली. उलट भानगड वेगळीच आहे. टाकणारा अल्बममधून बाहेर पडला की त्याचे फोटोही जातात. गणपतीत तेच झालं. म्हणून आलेले फोटो मंडळाच्या खात्यात सेव्ह करावे लागतील, आणि मग मात्र जागा मंडळाची लागेल.

खजिनदार:
म्हणजे ठराव लागेलच.

गुरुजी (गावाहून):
सर्वांना रामराम. फोटो काहून येत नाहीत ते सांगतो. अल्बम पाहायला खातं लागत नाही, टाकायला लागतं. इथं निम्म्या लोकांचं खातं मोबाइल घेतला तेव्हा दुकानदारानं उघडून दिलं, पासवर्ड ना त्याला आठवत ना यांना. रेंज पाण्याच्या टाकीजवळ, अन् लाइन रात्री. पोरं शाळेत येऊन फोटो माझ्या मोबाइलवर देतात, मी ते व्हॉट्सॲपवरच पाठवतो, पण 'डॉक्युमेंट' म्हणून. तसा पाठवला की आकार कमी होत नाही. तोरणाचा फोटो सचिवांना कालच तसा पाठवला आहे.
आणखी एक. तान्ह्या पोळ्याचे लेकरांचे पुष्कळ फोटो आहेत, पण दोघी-तिघींचं म्हणणं, लिंक कोणाच्याही हाती लागते, आमच्या लेकरांचे त्यात नको.

काकू:
गुरुजी, त्या बायांचं बरोबर आहे. लिंक ज्याच्या हाती, तो पाहणार, आणि पुढे कुणाला धाडली ते आपल्याला कळणारही नाही. लेकरांचे फोटो अल्बममध्ये नकोतच, त्यांच्या आयांना सरळ पाठवा. बाकीच्या अल्बममध्ये फोटोचं ठिकाण दाखवायचं बटणही बंद करा. आणि लेकरांचे कुठले फोटो छापायचे ते महिला समिती पाहील. सांस्कृतिक समितीने त्यात पडू नये, हे मागेच ठरलंय. लाकडी बैलाला चाकं लावलेली पोरगी मात्र घ्याच.

यवतमाळवाले काका:
राजेहो, तोरणाखालचा डावा बैल आमच्या घरचा आहे. खांदशेकणीला भावानं व्हिडिओ कॉल लावला होता, हळद-लोणी चोळताना पाहिलाय मी. फोटोखाली तसं लिहा. आजकाल पोळ्यात ट्रॅक्टर सजवून आणतात, जोडी राखणाऱ्याचं नाव तरी यावं.

खजिनदार:
ट्रॅक्टरला नावं ठेवू नका. आमच्या दारव्ह्याकडे बटाईवाल्याला जोडी परवडत नाही. वर्षभराच्या ढेपेचा अन् कडब्याचा हिशेब काढा, मग बोला.

यवतमाळवाले काका:
ढेपेचे भाव मला सांगता? भावाला दर महिन्याला पैसे मीच पाठवतो.

सचिव:
गुरुजी, डॉक्युमेंट मिळालं. उभा फोटो, ४००० पिक्सेल, बेगडाची घडी न घडी दिसते. मुखपृष्ठ झालं. गावाकडचे बाकीचे फोटोही असेच गुरुजींमार्फत येऊ द्या, मी इथून अल्बममध्ये टाकतो, माझ्या खात्यातली जागा गेली तरी चालेल. खजिनदारांनी ठराव दिवाळीनंतर आणावा. लेकरांच्या फोटोंचं काकू सांगतील तसं.
काका, ओळ टाकतो. डावा म्हणजे आपल्या डावीकडचा, की बैलाच्या?