महिनाअखेरीला रूमवर स्वस्तात काय बनवता? (दोघं भाऊ, एक कुकर)

बीडकर_चाकणात
नमस्कार मंडळी, मी आणि धाकटा भाऊ चाकणला रूम करून राहतो, दोघं पण कंत्राटावर. मेस परवडेना म्हणून बंद केली, आता 5 किलोचा छोटा सिलेंडर, एक कुकर आणि एक तवा एवढ्यावर चाललंय. 20 तारखेनंतर वडापाव नाहीतर मॅगी, भाऊ रात्रपाळीला असतो, म्हणतो दोन वाजता पोटात कावळे ओरडतात. वरणभात येतो मला पण तूरडाळीचा भाव बघून वरणात पाणीच जास्त पडायला लागलंय. भाकरी करायला गेलो तर तव्यावर जायच्या आधीच हातात तुकडे. रेशन कार्ड गावाकडं आईजवळ. काय काय करता येईल सांगा.

हुलग्याची_माय
अरे बाळा बीडचा ना तू, मग शेंगोळे कसे विसरलास?? दोन वाट्या हुलग्याचं पीठ, त्यात मूठभर ज्वारीचं, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून करंगळीएवढ्या वळ्या कर आणि टोकं जोडून कडी कर. कुकरातच फोडणी देऊन पाणी ठेव, पण खळखळ उकळी आल्याशिवाय सोडू नको, लगदा होतो. शिट्टीचं झाकण नको, वर ताट ठेव, 15-20 मिनिटं. रस्सा पातळ वाटला तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून ओत. वेगळी भाजी नको की पोळी नको.
आणि भाकरी तुटते ती पीठ जुनं म्हणून. पिठाची विरी म्हणजे चिकटपणा गेला की कुणाच्याच हातची नीट होत नाही. आधणाचं पाणी घालून उकड काढल्यासारखं कालव, जरा गार झालं की चांगलं मळ, मग थाप. पुढच्या वेळी आठवड्यापुरतंच दळून आण.

तिसरी_पाळी
भावा तूर सोड, मसूर घे. पटकन शिजते, गॅस वाचतो, एवढ्याशा सिलेंडरवर तेच महत्त्वाचं. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधून कामावर जायचं, आलो की मोड आलेले असतात, एका वाटीच्या दोन-अडीच वाट्या होतात. अर्धी आज उसळ, अर्धी उद्या भातात. अगदीच काही नसलं तर पिठलं, अर्धी वाटी बेसन आणि दोन वाट्या पाणी, दहा मिनिटांत तयार, भातावर पण चालतं. मॅगीच्या दोन पुड्यांत एकाचं पण पोट भरत नाही राव, हे मी स्वतः दोन वर्षं करून बघितलंय.

अंगठा_लावा
कार्ड गावाकडं असलं म्हणून काय झालं, प्राधान्य किंवा अंत्योदय गटातलं असेल आणि तुमची आधार जोडणी, केवायसी झालेली असेल तर चाकणच्या दुकानात पण अंगठा लावून धान्य मिळतं. प्राधान्यवाल्याला माणशी 5 किलो, जानेवारी 2023 पासून फुकट. तुमचा दोघांचाच वाटा इकडं उचला, आईचा तिकडं राहू दे, आधी फोन करून ठरवा नाहीतर ती दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत यायची. दुकानदार टाळाटाळ करतात कधीकधी, कार्डाचा 12 आकडी नंबर सांगायचा आणि उभं राहायचं.
अजून एक, रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसले, पाण्यात तरंगले तर घाबरू नका. प्लॅस्टिक नाही ते! लोह आणि जीवनसत्त्व घातलेले दाणे असतात, 100 किलो तांदळात 1 किलो मिसळलेले. आमची शेजारीण अर्धा तास बसून निवडून टाकायची.

बीडकर_चाकणात
सगळ्यांचे आभार. किराणावाल्याला हुलगे म्हणलं तर माझ्या तोंडाकडं बघत बसला, कुळीथ म्हणल्यावर लगेच काढून दिले, शेजारच्या गिरणीतून दळून आणले. माय, पाणी नीट उकळायच्या आधीच घाई केली मी, खालचे सहा-सात विरघळले. भावानं तोच लगदा भातावर घेऊन खाल्ला आणि उरलेले कडक शेंगोळे रात्रपाळीच्या डब्यात नेले. आईला फोन केला तर ती म्हणती रेशनचं नंतर बघू, आधी सांग ज्वारीचं पीठ किती घातलंस.