मदत हवी आहे : सिक्युरिटी एजन्सीचं लायसन्स, ट्रेनिंग कुठं?
नमस्कार मंडळी. आमचे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. आता शिरोली एमआयडीसीत स्वतःची सिक्युरिटी एजन्सी काढायची म्हणतात. २००५ च्या कायद्याप्रमाणे एका जिल्ह्याच्या लायसन्सची फी ५,००० रुपये, अख्ख्या राज्याची २५,०००; मुदत पाच वर्षं. इथवर समजलं.

घोडं अडलंय ट्रेनिंगवर. नव्या गार्डला १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर. माजी सैनिकांना त्याहून कमी. एक एजंट म्हणाला, "पोरं पाठवू नका, पैसे द्या, सर्टिफिकेट देतो." बाबा फाईल काखेत मारून तडक उठून आले. रात्रीच्या पाळीला उभं राहणारं पोरगं शिकलेलंच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत आणि माझंही. कोल्हापूर-सांगलीकडं खरंच शिकवणारं मान्यताप्राप्त सेंटर कुणाला माहीत आहे का? स्वतः लायसन्स काढलेल्यांनी कृपया सांगा.