हवा वाढवली आणि केमोस्टॅट झोके घ्यायला लागला

प्रश्न:
मंडळी मदत हवीये. बेकर्स यीस्टचा ग्लुकोज-लिमिटेड केमोस्टॅट (सतत ताजं फीड आत, तेवढंच कल्चर बाहेर, वाढीला लगाम ग्लुकोजचा) चालवतोय, दीड लिटर वर्किंग व्हॉल्यूम, फीड तासाला १५० मिली म्हणजे डायल्युशन रेट (तासाचं फीड भागिले आतलं लिक्विड) तासाला ०.१. एक व्हीव्हीएम हवेवर (मिनिटाला लिक्विडच्या व्हॉल्यूमइतकी हवा) आठवडाभर डीओची, म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनची, रेषा सरळ होती, परवा दीड व्हीव्हीएम केली आणि तेव्हापासून डीओ दर अडीच तासांनी खाली जातो, परत वर येतो, थांबायचं नावच नाही. ऑक्सिजन जास्त म्हणजे सिस्टीम जास्त स्टेबल ना, मग हे उलटं कसं?

उत्तर १:
आधी डीओचा लूप (डीओ बघून ढवळायचा वेग आपोआप बदलणारा कंट्रोल) बंद करा, आरपीएम फिक्स ठेवा. प्रोबला खरं रीडिंग द्यायला अर्धा-एक मिनिट लागतं, तोवर कंट्रोलर आरपीएम वाढवून मोकळा, मग लूपच झोके घेतो. पण ते मिनिटांचे असतात, अडीच तास म्हटल्यावर मला यीस्टचाच संशय येतोय.

उत्तर २:
लेव्हल बघितलीत का? आउटलेटची नळी ठराविक उंचीवर असेल तर जास्त हवेने ब्रॉथ (आतलं कल्चर) फुगतो, पातळी वर येते आणि नळी वरचं सगळं ओढून नेते. आत खरं लिक्विड कमी उरतं, फीड तेवढंच, म्हणजे पंपाला हात न लावता डायल्युशन रेट वाढला!! माझे तीन आठवडे यात गेलेत. व्हेसल वजनकाट्यावर ठेवा.

प्रश्नकर्ता:
लूप बंद केला, झोके तसेच. वजन मात्र १२० ग्रॅमनी कमी भरलं, म्हणजे डायल्युशन रेट ०.१०९ झालाय! आणि डीओ पडतो तेव्हाच एक्झॉस्टमधला सीओटू चढतो, मायक्रोस्कोपखाली तेव्हाच कळ्या फुटलेल्या सेल्स भरपूर दिसतात.

उत्तर ३:
मग कल्चर सिंक्रोनाइझ झालंय, सेल्स एका तालात चालल्यात. साठवलेलं ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज बऱ्याच सेल्स एकदमच वापरायला काढतात, ऑक्सिजन भराभर खाल्ला जातो, थोडं इथेनॉल बाहेर पडतं, ते नंतर संपवतात आणि फेरा पुन्हा सुरू. हे डायल्युशन रेट आणि हवेच्या ठराविक पट्ट्यातच होतं, तुम्ही एका झटक्यात दोन्ही हलवलंत आणि त्या पट्ट्यात शिरलात असं मला वाटतं, शिवाय जास्त हवेने सीओटू पण जास्त उडून जातो, त्याचाही यात हात असतो. हवा परत एक व्हीव्हीएमवर आणा, आउटलेट वजनावर चालवून आतलं लिक्विड दीड लिटरच ठेवा आणि निदान ५० तास, म्हणजे पाच रेसिडन्स टाइम (एक म्हणजे १ भागिले डायल्युशन रेट, इथे १० तास), कशालाही हात लावू नका. मग डीओ आणि सीओटू एकाच ग्राफवर टाका इथे, बघू.