जात सांगतात एक, घोडं निघतं भलतंच! तुमचे अनुभव लिहा

माणगंगा
काल कराडला चुलतभावाच्या पोराचं लग्न होतं. वरातीचा घोडा आला, उंचापुरा, कानाची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, आणि घोडेवाल्यानं आल्या आल्या दम दिला, "मारवाडी हाय, तापट असतोय, बायकापोरं लांब व्हा." झालं, सगळे दहा फूट मागं. डीजे सुरू झाला, आमच्या छातीत धडधडायला लागलं आणि हा तापट गडी मागचा एक पाय मुडपून चक्क झोपला. खालचा ओठ लोंबतोय. करवलीनं हळूच मानेवर हात ठेवला तर हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली, डोळे मिटलेलेच. शालूला लाळ लागली म्हणून तिची आई ओरडतीय ते वेगळंच.

ते बघून मला आबांची चंद्री आठवली. आबा म्हणजे आईचे वडील, माण तालुक्यात गावोगाव वैद्यकी करायचे, औषधाची पेटी खोगिराला बांधून. १९८०-८५ च्या आसपासची गोष्ट, एसटी दिवसातनं एकदा, ती पण आली तर. चंद्री काठेवाडी. विकणाऱ्यानं सांगितलेलं, काठेवाडी म्हणजे एकाच धन्याची, दुसऱ्याला अंगाला हात लावू देत नाही. कसलं काय! आम्ही चार नातवंडं तिच्या पोटाखालनं पळायचो, शेपटीचे केस उपटून अंगठ्या करायचो, ती मान वळवून नुसती बघायची. इमान म्हणाल तर गूळ देईल त्याच्याशी.

तिचा नाद एकच. ज्या घरी पेशंट असेल ते घर तिच्या डोक्यात बसायचं. पेशंट खडखडीत बरा होऊन शेतावर गेला तरी ही त्या दारात थांबणारच. आबा टाचा मारून दमायचे, मग उतरून ओट्यावर जायचे, "बरं हाय न्हवं समद्यांचं?", चहा व्हायचा, मग बाईसाहेब हलायच्या. एका घरी म्हातारी वारली होती, औषध आबांचंच चालू होतं, त्यामुळं त्या दारात जायचं त्यांच्या जिवावर यायचं. चंद्रीनं एक खेप चुकवली नाही. पहिल्या दोन वेळा घरातनं कुणी बाहेरच आलं नाही म्हणे. तिसऱ्या वेळी सून तांब्या घेऊन आली.

असो, फार लिहिलं. तुमच्याकडं असं कोण होतं? घोडा, घोडी, तट्टू, खेचर, काहीही चालेल. काय म्हणून आणलं आणि काय निघालं ते लिहा.

गूळपोळी
दारोदार थांबून चहा घेतल्याशिवाय हलत नाही? ही घोडी नाही, आमचे हे आहेत 😂

टेबललँडवाला
पाचगणीला आमची पाच घोडी हायत. गिऱ्हाईक आलं की पयलं वाक्य "भैया शांतवाला घोडा देना". आमच्याकडचे समदे शांत, वर बसणारेच हलत्यात. आता राजाचं सांगतो. रेसमधनं रिटायर झालेला थरोब्रेड, आमच्या चुलत्यानं घेतला तवा समदी म्हणाली येडा झालास काय, रेसचं घोडं म्हंजे वारं प्यालेलं, टुरिस्टला घेऊन कड्यावरनं उडी मारंल. राजा आला, पठार बघितलं, कणसाची गाडी बघितली आणि म्हणला बास, हितंच मरायचं. आजबी राउंड मारताना त्या गाडीपाशी थांबतोय. कणीसवाली मावशी साली टाकती त्याच्या पुढ्यात, तिचंबी गिऱ्हाईक वाढतंय फोटोवाल्यांमुळं. पळत न्हाय, चाबूक दावला तरी न्हाय. फकस्त एक हाय, मागनं दुसऱ्या घोड्याच्या टापा आल्या की मग आपलं काय खरं न्हाय, कान मागं, मान लांब, आणि गडी सुटला. तेवढं जुनं ऱ्हायलंय डोक्यात. म्हणून त्याच्या मागं आमी कुणाचंच घोडं सोडत न्हाय.
२०२० ला लॉकडाऊनात काम बंद, चंदी (घोड्याचा दाणा) निम्म्यावर आणली तरी ह्यो रोज सकाळी आठला खोगीर जिथं टांगतो त्या खुंटीजवळ जाऊन उभा. अकरा वाजले की आपला आपण परत. गिऱ्हाईक आलं, नंतर लिवतो

सांगलीवाडी_ते_पुणे
सांगलीचा २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं ते सगळ्यांना माहितीय, मी आमच्या गल्लीतलं सांगते. शेजारी वरातीचा धंदा, त्यांच्याकडं एक मारवाडी होता, सुलतान, काय ती ऐट, मान अशी कमानीसारखी, आम्ही पोरी गच्चीतनं त्यालाच बघायला उभ्या राहायचो. आणि एक म्हातारं तट्टू, गवताचे भारे आणायला ठेवलेलं, त्याला नाव पण नव्हतं, नुसतं "ए". पाणी गल्लीत शिरलं तेव्हा गुडघाभरच होतं, जनावरं चालत बाहेर काढायची ठरलं. सुलतान पाण्याच्या कडेला आला आणि खांबासारखा उभा. पुढं ओढा, मागनं ढकला, डोळ्यावर पोतं बांधा. थरथर कापतोय, पांढरं दिसतंय डोळ्यांत. काकांनी शेवटी तट्टू सोडलं, म्हटलं हे तरी जगू दे. ते "ए" सरळ पाण्यात गेलं, चार पावलं जाऊन थांबलं, मागं बघून फुरफुरलं. खरंच थांबलं, मी गच्चीतनं बघितलंय. सुलतान आला मग, त्याच्या शेपटीत नाक खुपसून, पार कोरड्या रस्त्यापर्यंत तसाच.
पूर ओसरल्यावर काकांनी तट्टाचं नाव ठेवलं सरदार. घरातली अजून पण ए च म्हणतात.

गूळपोळी
सांगलीवाडी डोळ्यात पाणी आणलंस ग. आमचं घर गावभागात, तळमजला पूर्ण गेला होता, आईच्या लग्नातला फोटो पण

सांगलीवाडी_ते_पुणे
@गूळपोळी आमचे पण अल्बम गेले ग. एक फोटो चुलतीकडं सापडला, तू मामाकडं विचारून बघ, लग्नाचे फोटो माहेरी एक सेट असतोच.

डॉक्टर_गुरांचे
घाईत लिहितो, तालुक्याला निघालोय. सुलतान भित्रा नव्हता. पाणी किती खोल आहे हे घोड्याला वरून कळत नाही, खाली जमीन आहे की नाही याची त्याला खात्री नसते, त्यात गढूळ पाणी. नवखं घोडं डबक्यालासुद्धा बिचकतं. दुसरं घोडं आत उभं दिसलं की खात्री पटते. भारे आणणारं तट्टू रोज ओढ्यातनं जात असणार.
आणि कानावरून मारवाडी-काठेवाडी ओळखणारे खूप भेटतात, कान दोन्हीचे वळतात. रंगाचं तर विचारू नका. वरातवाल्यांना पांढराच पाहिजे, पांढरा गरीब असतो म्हणतात. अहो त्यातले बहुतेक शिंगरू असताना काळे नाहीतर तांबडे असतात, वय होईल तसे पांढरे पडत जातात, कातडी खाली काळीच राहते. खरा नुकरा म्हणजे गुलाबी कातडीचा. म्हणजे तुमचा "गरीब पांढरा" बऱ्याचदा नुसता वय झालेला घोडा असतो, गरीब होईल नाहीतर काय! केसांच्या भोवऱ्यांचं पण तेच, छातीवर भोवरा म्हणून चांगलं घोडं निम्म्या किमतीत काढणारे बघितलेत. आणि लाथ मारतो म्हणून बदनाम झालेले निम्मे घोडे मागून न बोलता जवळ गेल्यामुळे लाथ मारतात, बरोब्बर मागचं त्याला दिसत नाही. बोलत जा, हात फिरवत जा.

रानपाखरू
डॉक्टर आमच्या म्हशीचं बघा की, परवापासनं रवंथ करंना

डॉक्टर_गुरांचे
@रानपाखरू जवळच्या दवाखान्यात आजच दाखवा, इथं विचारत बसू नका.

खिलारप्रेमी_आटपाडी
घोड्याचं काय घेऊन बसलाय, खिलार बैलाचं सांगतो, खिलार तापट, खिलार मारका, जन्मापासनं ऐकतोय. आमचा सोन्या पायताण तोंडात धरून अंगणभर हिंडायचा कुत्र्यागत आणि तेच शर्यतीला चाकाला जुपला की डोळं बदलायचं. २०१४ ला बंदी आली तवा त्यो ऐन भरात होता, २०२३ ला कोर्टानं कायम परवानगी दिली तवर म्हातारा झालेला. त्याची तेवढी वर्षं कोण देणार? पुसेगावच्या यात्रंत नुसता दाखवायला न्यायचो, लोकं पाठीवर हात फिरवून जायची

माणगंगा
दादा धागा घोड्यांचा आहे हो 🙏 पण सोन्याचं पायताणाचं वाचून हसू आवरेना. कुणाचं पायताण?

खिलारप्रेमी_आटपाडी
सासऱ्याचं. आणि घोड्यांचा धागा म्हंता तर जुन्नर-खेडकडं बैलगाड्याच्या पुढं घोडीच पळवत्यात की, तिच्यामागं बैल. मग झालं का न्हाय घोड्याचं

वाडा_चाललाय
आम्ही खटावकडचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचं. तुम्ही ज्याला तट्टू म्हणता, शिवी दिल्यासारखं, भीमथडीचं तट्टू, ते आमचं घर असतं. खरंच घर. वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), पालाचं कापड, भांडी, पिठाचा डबा, दोन्ही बाजूला पिशव्यात आदल्या रात्री जन्मलेली कोकरं नुसती मुंडकी बाहेर, वर बांधलेली कोंबडी, आणि सगळ्यांच्या वर मी. चार वर्षांची. माझी आई म्हणायची कोंबडी पडली तर घोडी थांबती, तू पडलीस तर थांबती का नाही माहीत नाही.
एकदा पडले. घाटात, डुलकी लागली होती. थांबली की. पाय उचललेला तसाच अधांतरी धरून. आई येऊन मला उचलेपर्यंत पाय खाली टेकवला नाही, कारण मी बरोबर तिथंच खाली पडलेले. मागं गाड्यांचे हॉर्न चालूच.
आता या भीमथडीची सरकारदरबारी वेगळी जात म्हणून नोंद झालीय म्हणतात, चांगलंय. मराठ्यांची फौज यांच्यावर बसून अटकेपर्यंत गेली हे भाषणात ऐकते, घाटात मात्र "ए बाजूला घे ते गाढव".

टेबललँडवाला
@वाडा_चाललाय ताई काटा आला अंगावर. पाय अधांतरी!

कृष्णाकाठी_तुकाराम
आमच्या इथं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लोणंदच्या पुढं चांदोबाचा लिंब, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण. दोन घोडे, एकावर स्वार, दुसऱ्यावर कुणी नाही, म्हणजे माउली. दोन्हीकडं माणसांच्या भिंती, मध्ये जेमतेम वाट, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि त्यातनं ते चौखूर सुटतात. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी पुढच्या रांगेत होतो, माझ्या शेजारच्या आजोबांच्या हातातली पताका वाऱ्यानं पुढं गेली वाटेत. घोड्यानं धाव न मोडता नुसता खांदा आत घेतला. टापांखालची माती सगळे उचलतात तशी मी पण उचलली, आजोबांनी माझ्याच कपाळाला लावली आधी. नातवाला विचारलं घोडा कुठल्या जातीचा असेल रे, म्हणतो, "आजोबा, वारकरी."

पंचकल्याणी_फसलेला
हसू नका. वडिलांनी एका बाजारातनं घोडं आणलं (कुठल्या ते विचारू नका, अजून त्या रस्त्यानं जात नाहीत), पंचकल्याणी म्हणून. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, लक्ष्मी घरात येणार. आईनं ओवाळलं, पायावर दूध-पाणी घातलं, आणि दूध-पाण्याबरोबर एक पाय तांबडा झाला. वडील म्हणाले चिखल असेल. मृगाच्या पहिल्या पावसात उरलेले तीन गेले. कपाळाचा पट्टा तेवढा खरा निघाला. आजीनं ठरवलं एककल्याणी म्हणायचं. १४ वर्षं होता आमच्याकडं, ऊस कारखान्याला जायच्या दिवसात रात्री-अपरात्री वडिलांना फडावरनं घरी आणायचा, ते खोगिरावर झोपलेले असायचे, हा पाटाच्या कडेकडेनं बरोबर दारात. फाटकाला नाकानं ढुसणी द्यायचा, दोनदा. तिसऱ्यांदा खिंकाळायचा. लक्ष्मीचं म्हणाल तर द्राक्षबाग दोनदा गारपिटीत गेली 😄

गूळपोळी
एककल्याणी 😂😂 आजी ग्रेट

शाहूपुरीची_आई
सातारा शहरात मुलींना रायडिंग कुठं शिकवतात? लेक ९ वर्षांची आहे. एका ठिकाणी गेलो होतो तर हेल्मेट नाही, काही नाही, वर बसवली आणि घोड्याला थाप मारली. मी उतरवून घेऊन आले.

डॉक्टर_गुरांचे
@शाहूपुरीची_आई बरोबर केलंत. जिथं पहिले आठ दिवस नुसता खरारा करायला, पाणी दाखवायला लावतात तिथं घाला. आणि जाऊन घोड्यांच्या पाठी बघा, खोगिराखाली जखमा असतील तर परत फिरा. बाकी मारवाडी का थरोब्रेड विचारू नका, पोटाला काय देतात ते विचारा. घोड्याला उलटी होत नाही, चुकीचं खाल्लं तर पोटशूळ उठतो आणि रातोरात जातं. मागच्याच महिन्यात एका वरातीच्या घोड्याला लग्नातलं उरलेलं खाऊ घातलेलं, पुरी, जिलेबी, सगळं. नाही वाचला. प्रेमानंच घातलेलं.

रानपाखरू
म्हस रवंथ कराय लागली 🙏

डॉक्टर_गुरांचे
तरी दाखवा.

सांगलीवाडी_ते_पुणे
माणगंगा, चंद्रीचं पुढं काय झालं ते लिहिलंच नाहीस?

माणगंगा
आबांचे गुडघे गेले, वैद्यकी सुटली, तरी घोडी विकली नाही. मामा तिला चरायला सोडायचा. तर ही आपली आपण फेरीला. त्या त्या दारात थांबायची, कुणी भाकरीचा तुकडा द्यायचं, कुणी गूळ, मग पुढं. आबा ओट्यावर बसून वाट बघायचे, आली की विचारायचे, "काय गं, बरी हायत न्हवं समदी?" एकदा संध्याकाळी आली ती गळ्यात कडुलिंबाच्या पाल्याची जुडी बांधलेली. आम्हाला कळेना काय. आबांनी मामाला म्हटलं सायकल काढ, त्या म्हातारीच्या घरात गोवर आलाय. सुनेनंच बांधली होती, बोलवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मोजल्याच नाहीत, येते मी.

टेबललँडवाला
मगाशी अर्धं ऱ्हायलं म्हणून लिवाय आलो तर राजा दिसंना. खुंटी रिकामी. कणसाच्या गाडीपाशी असंल, बघून येतो